देवमनचा तिसरा अंक

देवमनला नट म्हणणाऱ्यांनी आयुष्यात एकही बरा नट पाहिला नव्हता. उंची होती, आवाज होता, अंगात सदा पांढरे कपडे होते, केसांना तेल चोपडून ते मागे वळवायची हौस होती, आणि एवढ्या भांडवलावर भागतं असं त्याला वाटायचं. दुःख झालं की हात छातीवर, राग आला की हात कमरेवर, आणि विचार करायची वेळ आली की दोन्ही हात पाठीमागे. मी नाटकात त्याच्या आईचं काम करायची, म्हणून हे हात मला जवळून पाहावे लागले. तो माझ्यापेक्षा वयानं मोठा होता. पण मिशा काढलेल्या बाप्यापेक्षा शाळेतली इंदूबाई बरी, असं आमच्या अमरावतीच्या नाटकमंडळीनं ठरवलं आणि माझ्या केसांना खडूची पूड लावून मला म्हातारी केलं.

नाटकाचं नाव 'पाण्यात गेले देव'. लिहिलं त्यानंच. गावातला एक भगत भोळ्या कुटुंबाला देवाचा धाक घालून लुबाडतो, कधी कोंबडं मागतो, कधी बकरं, शेवटी आईच्या अंगावरचा सोन्याचा डाग. दोन अंक असे रडण्यात जायचे. तिसऱ्या अंकात मुलाचे डोळे उघडायचे. मुलगा म्हणजे अर्थात देवमन. तो देव्हारा उचलून पाण्याच्या घंगाळात उपडा करायचा, आणि मग प्रेक्षकांकडे वळून विचारायचा, "बाप्पाहो, नाटकातले देव त बुडाले. तुमच्या घरचे कवा बुडवता?"

हा प्रश्न मात्र खोटा नव्हता. नागपूरची दीक्षा होऊन गेली होती, आमच्या वस्त्यांतून पंचशील घुमत होतं, बावीस प्रतिज्ञा पोराठोरांना तोंडपाठ होत्या. पण कितीतरी घरांत कणगीमागे फडक्यात बांधलेला खंडोबा तसाच होता. तोंडानं सोडणं सोपं असतं. हातानं उचलून टाकायचं म्हटलं की म्हातारी माणसं आजारी पडायची. देवमनच्या प्रश्नावर बाया पदराआडून टाक काढायच्या. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली देवाची मूर्ती. एकेक बाई थरथरत मंचावर यायची आणि टोपलीत टाक सोडून जायची. ते पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि खडूची पूड गालावर ओघळायची. त्यातलं काहीही अभिनयाचं नव्हतं.

टोपलीवर निळं कापड घालून ती डोक्यावर घ्यायची आणि नदीवर जाऊन रिकामी करायची, हे काम देवमनचं. नियमही त्यानंच घालून दिला होता. कोणी सोबत यायचं नाही, आणि टोपली निघाली की कोणी वळून पाहायचं नाही. वळून पाहिलं की मोह होतो, म्हणायचा. आता हा नियम कुठला? तिठ्यावर उतारा टाकायला निघालेला माणूस मागे वळून पाहत नाही, तो हा नियम. आम्ही देव सोडले, पण सोडायची रीत त्यांचीच ठेवली. आमच्यापैकी एकालाही ते खटकलं नाही. उलट टोपली निघाली की सगळी वस्ती शहाण्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

आता माझ्या वहिनीची गोष्ट सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे. देवमनबद्दल इतकं बोलले हेच त्याला जास्त झालं.

माझा थोरला भाऊ बुधाजी बडनेऱ्याला रेल्वेत होता. त्याची पहिली बायको पंचफुला काविळीनं गेली आणि त्यानं मैनाशी दुसरं लग्न केलं. लागलीच माझ्या आईनं सोनाराकडून पंचफुलाच्या नावाचा टाक घडवला आणि नव्या सुनेच्या गळ्यात बांधला. आमच्याकडची रीतच होती ती. दुसरीनं गळ्यात सवत बाळगायची, म्हणजे मेलेली तिच्या संसारात लुडबुडत नाही. दर अवसेला टाकाला आंघोळ, हळदकुंकू. नवं लुगडं घेतलं तर आधी टाकाला दाखवायचं, मग स्वतः नेसायचं. पंचफुला जिवंत होती तेव्हा तिला कोणी हौसेनं लुगडं दाखवल्याचं मला आठवत नाही. मेल्यावर तिचा मान सुरू झाला.

मैनाला पहिला मुलगा झाला. रांगायला लागला तेव्हा त्याची छाती भरली. सरकारी दवाखाना टांग्यानं जाण्याइतका जवळ होता. आईनं मरीआईचा अंगारा आणला. मैना न्हाताना टाक काढून कोनाड्यात ठेवते, म्हणून सवत कोपली, असा तिनं निकालही देऊन टाकला. पोरगं अंगाऱ्यानं माखलेल्या अंगानंच गेलं. त्यानंतर मैनानं टाक कधी उतरवला नाही. झोपेतसुद्धा तिचा हात गळ्याशी असायचा. टाकाची चांदीची कडी घासून तुटली तेव्हा ती वेड्यासारखी रडली. बुधाजीनं शेडमधून तांब्याची तार आणून जाडजूड कडी वळून दिली तेव्हा कुठे शांत झाली. चांदीच्या टाकाला तांब्याची कडी, सगळ्या वऱ्हाडात तसा दुसरा टाक नसेल.

दीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात बडनेऱ्याला आमचा प्रयोग झाला. मैना पुन्हा पोटुशी होती, दिवस भरत आलेले. तिसऱ्या अंकात देवमननं आपला प्रश्न विचारला आणि मैना उठली. आई तिचा पदर ओढत होती, "बस खाली, सटवे, पोटातलं जाईन." मैना पदर सोडवून मंचावर आली, गळ्यातला दोरा तोडला आणि पंचफुलाला टोपलीत टाकलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. याला छाती लागते. देवमनच्या भाषणाला नुसता घसा लागतो.

पावसाळ्यात तिला मुलगी झाली, सुजाता. चांगली धडधाकट, सगळं घर डोक्यावर घेणारी. आई महिनोन्महिने पाळण्याकडे संशयानं पाहत राहिली, आणि पोर हसत राहिली. मैनाचा गळ्याकडे जाणारा हात हळूहळू थांबला. ती मला एकदा म्हणाली, "इंदूताई, मी आता झोपतो त सकाळीच उठतो." तिच्या या एका झोपेसाठी मी देवमनचे सगळे हात माफ केले होते.

हिवाळ्यात अकोल्याचं आमंत्रण आलं. गिरणीतल्या लोकांची वस्ती, त्यांच्या पाळ्या सांभाळून रविवारी दुपारी प्रयोग ठेवलेला. मैनाचं माहेर अकोल्याचंच, म्हणून सुजाताला घेऊन तीही आमच्याबरोबर आली. त्या दिवशी सकाळी वंदनेसाठी फुलं आणायला आम्ही दोघी बाजारात गेलो.

फुलांच्या ओळीत एक माळीण बसली होती. मळ्यातून आणलेल्या शेवंतीचा ढीग पुढ्यात, हार ओवायचं काम चाललेलं. तिचं नाव सत्यभामा, शेजारची बाई तिला तशी हाक मारत होती. मी हार निवडत होते आणि मैनानं एकदम माझा दंड इतका जोरात धरला की बांगडी रुतली. ओवायला वाकलेल्या सत्यभामाच्या गळ्यातून टाक बाहेर लोंबत होता. चांदीचा टाक, तांब्याची जाडजूड कडी.

"गळ्यात काय हाय व हे?" मैनानं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

सत्यभामानं आधी पदर ओढून घेतला, मग बायाच आहेत म्हणून सैल सोडला. "सवत हाय माही. मोठी."

"नाव काय तिचं?"

"सत्यवती."

मैना त्या तांब्याच्या कडीकडे पाहत राहिली. मीच विचारलं, "नवा केला का टाक?"

"नवा नाई व बाई. नव्यात जीव घालाचा त लय कुटाणा. सोनारानं जागता टाक देल्ला. अमरावतीकून एक मोठे भगत येतात म्हणे त्याच्याकडे, उंचपुरे, पांढऱ्या कपड्यातले. घराघरातले पुजलेले टाक तेच आणून देतात. सवत कोणाचीबी असो, तिचं नाव घेऊन बांधला का ती येऊन बसते, असं त्या भगतानंच सांगतलं म्हणे."

उंचपुरे. पांढऱ्या कपड्यातले. आणि टोपली एकट्यानं नदीवर नेणारे.

"मंग? बसली का?" मैना विचारत होती.

"बसली म्हंजे! लय तरास होता पहिले. बांधला तवापासून माह्या पोट्ट्याचा ताप गेला. मीबी जेवाले लागली." एवढं बोलून सत्यभामानं टाक डोळ्यांना लावला आणि चोळीत सारला.

मी तोंड उघडलं होतं. मैनानं मला ओढूनच बाजूला नेलं. "आज नाई, इंदूताई. आज सांगतलं त ते बाई रातभर झोपणार नाई. मले मालूम हाय ते काय असते. पयले देवमनभाऊले पाहू, मंग हिच्याकडे येऊ."

आम्ही चालत होतो. सुजाता तिच्या खांद्यावर शेवंतीच्या हाराशी खेळत होती. थोडं पुढे गेल्यावर मैना हसायला लागली. आधी मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"पंचफुला सत्यवतीचं काम करून राहिली," ती म्हणाली. "अन् चांगलं करून राहिली! तिच्या गळ्यात दुसऱ्याचीच सवत, तरी तिचा पोट्टा बरा झाला. माह्या गळ्यात खरी होती, अन् माहं लेकरू गेलं. मंग ते टाकाचं करणं नोहेच ना, इंदूताई?"

"नोहेच," मी म्हणाले.

ती थांबली. हसू तिथेच विरलं. "मंग माहं लेकरू कायनं गेलं?"

याचं उत्तर मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. भर रस्त्यात ती उभी राहिली आणि रडली. बाजारचे लोक बाजूनं जात होते. "दवाखान्यात नेलं असतं त," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी म्हणाले, तुला कोणी नेऊ दिलं नसतं. ते खरं होतं, पण त्याचा उपयोग काय? सवतीनं नेलं असं मानण्यात भीती होती, पण आडोसाही होता. तो आडोसा आज गेला. मला त्या क्षणी देवमनचा इतका राग आला की तो समोर असता तर मी बाई असल्याचं विसरले असते.

तो शाळेच्या खोलीत होता. खोली नाटकवाल्यांना रंगायला दिली होती. खुर्चीवर आरसा टेकवून तोंडाला सफेदा लावत होता. बाकावर त्याचं नवं मनगटी घड्याळ काढून ठेवलं होतं. ते घड्याळ आम्ही सगळ्यांनी कौतुकानं हातात घेऊन पाहिलं होतं. मी दार लोटलं आणि जे पाहिलं ते सांगितलं. मैना दारातच उभी राहिली.

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. घाबरला असता तर मी त्याला माणूस म्हटलं असतं.

"हळू बोला, इंदूबाई. तुमी शिकेल-सवरेल बाई. चांदी म्हंजे काय? धातू. मी मंचावरून दुसरं काय सांगतो? धातू पाण्यात फेकणं हा अडाणीपणा हाय. पडदे कोठून आले? पेटी कोठून आली?"

"आणि घड्याळ?"

"प्रयोग टायमावर व्हाले पायजे का नाई?"

"सोनाराला भगत म्हणून सांगितलंत ते?"

"त्याले तसं वाटलं. मी नाई म्हटलं नाई."

"नाटकात एक भगत आहे, देवमनभाऊ. लोकांना लुबाडतो. कोणावरून लिहिलात?"

आता तो उठला. हात कमरेवर गेले. "मंग सांगा ना! पडद्यापुढे जा अन् सांगा. उद्या सकाळी सारी वस्ती म्हणन, देवानं सूड घेतला. कणगीमागं पुन्हा देव येतील. चळवळ बुडवली कोणं? इंदूबाईनं. खपन तुमाले?"

मरीआईचा पोतराज लहानपणी आम्हाला सांगायचा, माझ्याविरुद्ध बोलाल तर देवी कोपेल. हा सांगत होता, माझ्याविरुद्ध बोलाल तर चळवळ कोपेल. पोतराज निदान स्वतःच्या अंगावर आसूड ओढून घ्यायचा. यानं तेवढाही त्रास घेतला नव्हता. मला हे सगळं तिथल्या तिथे कळत होतं, आणि तरी माझी जीभ अडली. कारण वस्तीतली माणसं खरंच तसं म्हणाली असती. बाहेर सतरंज्या पसरल्या होत्या, बाया पोरांना घेऊन पुढची जागा धरत होत्या, आणि कितीतरी जणींच्या पदरात टाक असणार होते.

"नाटक करा तुमी," मैना दारातून म्हणाली. "लोक आले आहेत." एवढं बोलून ती निघून गेली. देवमनला वाटलं, मिटलं. तो पुन्हा आरशापुढे बसला.

पहिले दोन अंक मी कसे केले, सांगता येणार नाही. भगताचं काम करणारा बिचारा जीव तोडून लुबाडत होता आणि लोक त्याला शिव्या घालत होते. माझ्या मुलाला, म्हणजे देवमनला, मी 'माझ्या राजा' म्हणायचं होतं. म्हटलं.

तिसरा अंक आला. देव्हारा घंगाळात उपडा झाला, टाळ्या झाल्या, देवमननं प्रश्न विचारला. टोपलीत टाक पडायला लागले. पार्बताबाई नावाची एक म्हातारी मंचाची पायरी चढून आली. खांद्यावर नातू होता, दोन-अडीच वर्षांचा, अंग टाकून दिलेला, डोळे अर्धवट मिटलेले. तिनं मुठीतला खंडोबा देवमनच्या हातावर ठेवला. देवमननं पोराकडे पाहिलंही नाही. त्यानं टाक तळहातावर जरासा झुलवला. मी शेजारीच उभी होते. तो वजन पाहत होता.

तेवढ्यात मैना वर आली. तिनं सुजाताला माझ्या हातात दिलं आणि लोकांकडे तोंड केलं. ती कधी चार माणसांत बोललेली नव्हती. आवाज मोठा नव्हता, पण पहिल्या शब्दालाच सगळे गप्प झाले.

"मी बडनेऱ्याची मैना. माह्या सवतीचा टाक मी या टोपलीत टाकला होता. या भाऊनं सांगतलं, नदीत टाकतो. आज सकाळी तो टाक मी तुमच्या बजारात पाह्यला, एका बाईच्या गळ्यात. यानं तो सोनाराले विकला. तुमचेबी विकते. देव सोडा, बाप्पा, पण याच्या हातात सोडू नका."

मागून गिरणीतली पोरं उठली. "कोणता सोनार? नाव सांग!" एकानं ओरडून विचारलं, "घड्याळ कोठून आलं रे, देवमन?" मला वाटलं, संपला हा. आता टोपली टाकून निघेल आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही.

देवमनचा हात छातीवर गेला. त्यानं डोळे मिटले, मान हलवली आणि दोन पावलं पुढे आला. इतका चांगला अभिनय त्यानं कधीच केला नव्हता.

"मायबहिनीहो, इले दोष देऊ नका. इनं सवत सोडली, पण सवतीनं इले सोडलं नाई. पाहा इचे डोळे, रडून रडून लाल झाले. हे मैना नाई बोलून राहिली." त्यानं आवाज खाली आणला. "इच्या अंगात आलं हाय."

हा आमचा देव बुडवणारा! वर्षभर ज्यानं गावोगाव सांगितलं की अंगात येणं म्हणजे ढोंग, त्यानं स्वतःची कातडी वाचवायला पहिल्या झटक्यात भूत काढलं. मी मोठ्यानं हसले. मला वाटलं, सगळे हसतील.

कोणी हसलं नाही. पुढच्या ओळीतल्या एका बाईनं हात जोडले. मग दुसरीनं. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. "लिंबू आणा, लिंबू," असा आवाज उठला. प्रतिज्ञा यांनाही पाठ होत्या. मागची पोरं ओरडत होती, "अरे, खोटं बोलून राहिला तो," पण पुढे बसलेल्या आया-मावश्यांना ते ऐकू येत नव्हतं. टोपली सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती आणि टोपलीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. देवमनला हायसं वाटलं, ते त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. आणि मग त्यानं, आईशप्पथ सांगते, मैनापुढे स्वतः हात जोडले. "बोल, माय," म्हणाला.

पार्बताबाई नातवासकट मैनाच्या पायाशी बसली. "माय, माह्या नातवाचं सांग. काहून ताप उतरून नाई राहिला? काय पायजे तुले? कोंबडं देतो, खण देतो."

त्या घटकेला मैनानं काहीही मागितलं असतं तरी मिळालं असतं. देवमनला जोड्यानं मारा म्हणाली असती तर आया-मावश्यांनी मारलंही असतं. बोट दाखवायचा अवकाश होता. मला तर मनातून वाटत होतं, दाखवावं.

ती खाली बसली. हाताची पालथी बाजू पोराच्या कपाळाला लावली. मग त्याच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ तशीच राहिली.

"कवापासून हाय?"

"लय दिवस नाई, माय. परवापासून दूध सोडलं. दोरा बांधला म्या."

"डाक्टरले दाखवलं?"

"नाई."

मैनानं पोराला उचलून छातीशी घेतलं आणि उभी राहिली. "चाल. आपण दोघी दवाखान्यात जाऊ."

"पण माय, उपाय..."

"हाच."

ती पायऱ्या उतरली आणि लोक बाजूला सरले. भक्तिभावानं सरले, हे मला अजून सलतं. कोणी तिच्या लुगड्याच्या काठाला हात लावून तो कपाळाला लावत होतं. शब्द तिचे ऐकले, पण ऐकले कोणाचे म्हणून! मैनानं डावीउजवीकडे पाहिलं नाही. तिच्या हातात पोर होतं आणि ते कण्हत होतं, बाकी तिला काही दिसत नसावं.

मी एका काखेत सुजाता धरली आणि पायानं टोपली प्रेक्षकांत लोटून दिली. टाक सतरंजीवर विखुरले. "आपापले ओळखा आणि घ्या," मी ओरडले. "नदीत टाका, नाही तर मोडून नातींना वाळे करा. पण आपल्या हातानं करा." देवमन टाक गोळा करायला खाली वाकला होता. त्याच्याकडे पाहून घृणा यावी एवढाही तो उरला नव्हता. गिरणीतली दोन पोरं मंचावर चढत होती. त्यांचं पुढे काय झालं ते मी पाहायला थांबले नाही.

रस्त्यावर एकही टांगा नव्हता. मैना झपाझप चालत होती, तिच्यामागे पार्बताबाई धापा टाकत, आणि खडूची म्हातारी मी सुजाताला घेऊन सगळ्यांच्या मागे. भर उन्हात माझ्या कपाळावरून पांढरे ओघळ येत होते आणि लोक थांबून पाहत होते. मैना अधूनमधून पोराच्या नाकाशी गाल नेऊन श्वास चालला आहे ना ते पाहायची. दवाखान्याची फाटकं दिसायला लागली तेव्हा पार्बताबाईनं तिला गाठलं आणि भीतभीत विचारलं,

"माय, तुह्या अंगातली सवत गेली का आता?"

मैनानं चाल कमी केली नाही.

"ते कधी आलीच नव्हती, बाई," ती म्हणाली. "बिचारी मेली होती."